शेवाळ उत्तरेला नाही, मग डोंगरावरची झाडं वाचायची कशी?

शाळेच्या_वाटेवर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय.

मी वाईला राहते आणि जावळी तालुक्यात डोंगरावरच्या एका दोनशिक्षकी शाळेत शिकवते. रस्ता संपतो तिथून पुढं पाऊण तासाची पायवाट आहे. खालच्या वस्तीतली पाच-सहा मुलं माझ्याबरोबरच चढतात. सहा वर्षं ही वाट पायाखालची आहे. झाडांची नावं मुलांनीच शिकवली: हा हिरडा, ही अंजनी, हा पिसा, तो गेळा. नावं आली म्हणजे रान कळायला लागलं, असं मला वाटायचं.

या जुलैत एक दिवस पठारावर असं धुकं उतरलं की पुढं चालणाऱ्या पोराचं दप्तर दिसेना. पायवाट पावसानं धुऊन गेलेली. मी अंदाजानं सरळ निघाले. तेवढ्यात चौथीतल्या एका मुलीनं मागून माझी ओढणी धरली. म्हणाली, "बाई, हिकडनं नगं. झाडं बुटकी झाली." मी विचारलं, बुटकी झाली म्हणजे काय गं? तर म्हणे, "झाडं बुटकी झाली की म्होरं काय नसतंय."

आम्ही सगळे तिथंच थांबलो. दहा मिनिटांनी वारा सुटला, धुकं जरा फाटलं, आणि वीसेक पावलांवर कडा दिसला. त्याच्याखाली नुसती पांढरी दरी.

नऊ वर्षांची मुलगी आहे. तुला हे कुणी शिकवलं असं विचारलं की नुसती हसते, "समद्यांस्नी म्हाईत हाय" म्हणते. त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या मागं सहा मुलं होती.

तेव्हापासून ठरवलंय की हे शिकायचंच. आंतरजालावर शोधलं, इंग्रजी पुस्तकं चाळली. सगळीकडं पहिला धडा एकच: झाडाच्या ज्या बाजूला शेवाळ, ती उत्तर. ऑगस्टात दोन रविवार मुलाला बरोबर घेतलं, होकायंत्र घेतलं आणि वाटेवरची तीस झाडं एकेक करून पाहिली. वहीत रकाने आखले. दाट शेवाळ उत्तरेला असलेली झाडं निघाली फक्त चार. एकवीस झाडांवर ते नैर्ऋत्य ते पश्चिम या बाजूला होतं, उरलेल्या पाचांच्या बुंध्याला सगळीकडून. मुलगा म्हणाला, आई, आपलं होकायंत्र बिघडलंय. घरी येऊन दुसऱ्या होकायंत्राशी ताडून पाहिलं, ते अगदी ठीक आहे.

म्हणजे नियमच आपल्याकडचा नाही. मग आपल्याकडचे नियम कुठले? त्या मुलीनं नेमकं काय पाहिलं? आणि माझ्यासारखीनं, जिचं लहानपण पेठेत गेलं, आता चाळिशीत हे शिकायला सुरुवात कुठून करायची? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं. मला हे वर्गात शिकवायचं आहे.

रानवाटा

बाई, आधी त्या पोरीला माझा नमस्कार सांगा. मी वनखात्यात एकतीस वर्षं काढली. वनरक्षक म्हणून लागलो, वनपाल म्हणून निवृत्त झालो, आणि बहुतेक वर्षं महाबळेश्वर, जावळी, कोयना याच पट्ट्यात गेली. तिनं एका वाक्यात जे सांगितलं ते नव्यानं भरती झालेल्या पोरांच्या अंगी यायला दोन-दोन पावसाळे जायचे.

तिनं काय पाहिलं ते सांगतो. पावसाळ्याचे चार महिने आपल्याकडं वारा नैर्ऋत्येकडून, पश्चिमेकडून येतो. कोकणातून कड्याला धडकून वर चढतो आणि कड्याच्या धारेवर त्याचा मार सगळ्यात जास्त. माती पण तिथं वीतभरच. अंजनी असो नाहीतर जांभूळ, जो कोंब वर डोकं काढील तो वाऱ्यानं सुकून झडतो. झाडाचा माथा कातरून काढल्यासारखा होतो, दरीच्या बाजूनं आखूड आणि आतल्या बाजूला चढत गेलेला. कड्यापासून आत चांगलं शंभर पावलांवर हीच अंजनी दोन पुरुष उंच असते. पुढं गेलात की डोक्याएवढी, मग छातीएवढी, मग कमरेएवढी. कमरेएवढी दिसली की पाय थांबला पाहिजे. धुक्यात कडा दिसत नाही पण हाताजवळचं झाड दिसतं, आणि त्या पोरीनं तेच पाहिलं.

आता तुम्ही तिथं परत जाल तेव्हा एका अंजनीजवळ बसा. उभ्यानं नको, बसा. बुंध्याला हात लावून वर फांद्यांकडं बघत जा. सगळ्या फांद्या एकाच अंगाला गेलेल्या दिसतील, तेल लावून केस मागं विंचरावेत तशा. वाऱ्याकडच्या बाजूला वाळक्या काटक्यांची टोकं राहिलेली असतात, बोट लावलं की मोडतात. पानं सगळी त्याच्या उलट बाजूला. ज्या अंगाला फांद्या-पानं नाहीत तिकडून वारा येतो, आणि पश्चिमेच्या कड्यावर तिकडंच दरी असते.

पण एक गोष्ट त्या पोरीला जरूर समजावून सांगा. तिच्या गावचा कडा पश्चिमेचा असणार. पूर्वेच्या कड्यावर हे सगळं उलटं होतं. वारा पठारावरून, मागून येतो, झाडं दरीच्या अंगाला कललेली असतात आणि कड्याच्या अगदी जवळ जाईपर्यंत त्यांची उंची फारशी कमी होत नाही. खिंडीत तर वारा वळण घेतो, तिथली झाडं खिंडीच्या वाटेनं झुकतात. उद्या ती मोठी होऊन दुसऱ्या डोंगरावर जाईल. झाड का झुकलं हे माहीत असेल तर तिथंही ती चुकणार नाही.

शेवाळाचं म्हणाल तर त्याला दिशा कळत नाही, ओल कळते. युरोपात सूर्य वर्षभर दक्षिणेकडून फिरतो, उत्तरेची बाजू सावलीत राहते, ओलसर राहते, म्हणून तिकडं शेवाळ धरतं. आपण सतरा-अठरा अक्षांशावर. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्याकडं शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर, आणि तेव्हापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेलाच असतो. म्हणजे शेवाळ वाढायच्या ऐन दिवसांत उत्तर बाजू सावलीची नसतेच. त्यातून ढग इतके की कुठल्याच बाजूला ऊन नाही. राहिला पाऊस, तो नैर्ऋत्येकडून तिरका येतो आणि बुंध्याच्या त्याच बाजूवर आदळतो. तुमच्या वहीतली एकवीस झाडं बरोबर आहेत.

ती चार उत्तरेची झाडं मात्र परत जाऊन बघा. माझा अंदाज आहे की त्यांचे बुंधे दक्षिणेकडं कललेले असतील. कललेल्या झाडाच्या पाठीवर पाणी पडतं आणि तिथूनच ओघळतं, पोटाकडची बाजू कोरडी राहते. साल पण बघा. ऐनाची साल सुसरीच्या पाठीसारखी, चौकोन चौकोन, भेगांत पाणी धरणारी. त्यावर शेवाळ लवकर बसतं. अर्जुन किंवा पेरू साल टाकतो, त्यावर काही टिकतच नाही. गुळगुळीत बुंधा कोरा दिसला म्हणून ती बाजू कोरडी असं समजू नका.

तुम्ही वाईहून येता म्हणून सांगतो. वाई ते महाबळेश्वर जेमतेम बत्तीस किलोमीटर. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, वाईला हजाराच्याही खाली. पर्जन्यमापक नसला तरी हा फरक झाडांवर वाचता येतो. वर फांद्यांपर्यंत शेवाळ, त्यात नेचे, आमरी (ऑर्किड). पसरणीचा घाट उतरताना शेवाळ फांद्यांवरून बुंध्यावर येतं, बुंध्यावरून मुळाशी, आणि खाली वाईच्या शिवारात बाभूळ-लिंबाच्या सालीवर त्याचा पत्ता नसतो. शाळेची सहल न्यायची तर हीच न्या. गाडी चार ठिकाणी थांबवायची, प्रत्येक ठिकाणी एका झाडावर शेवाळ जमिनीपासून किती उंच गेलंय ते पोरांना टेपनं मोजू द्यायचं.

आता जे मला खरं सांगायचं आहे ते. तुमची शाळा डोंगराच्या उतारावर आहे. शाळेच्या आणि वस्तीच्या वरच्या अंगाची झाडं बघून या. उताराची माती हळूहळू खाली सरकत असेल तर झाड कलतं, आणि कललेलं झाड पुन्हा सरळ वर जायला बघतं. बुंधा मुळाशी वाकडा आणि वर सरळ होतो, कोयत्याच्या मुठीसारखा. बाक मुळाशीच असेल, वरचा बुंधा सरळ असेल आणि झाड जुनं असेल, तर सरकणं जुनं किंवा फार सावकाश आहे. पण सबंध झाड सरळ बुंध्यानिशी कललं असेल, शेजारशेजारची झाडं वेगवेगळ्या दिशांना कलली असतील, तर ते अलीकडचं आहे. त्याच्या वर जमिनीला अर्धचंद्राकृती भेग आहे का, नवा झरा फुटलाय का, झऱ्याचं पाणी गढूळ येतंय का, घरांची दारं चौकटीत अडकायला लागलीत का, हे सगळं बघायचं. एका झाडावरून काही ठरवू नका. तोडलेल्या खोडाला फुटलेला फुटवा पण मुळाशी वाकडाच असतो, आणि उजेडासाठीही झाड वाकतं. दहा झाडं एक सांगत असतील तर ऐकायचं.

३० जुलै २०१४ ला दरडीखाली माळीण गाव गेलं, दीडशेवर माणसं गेली. २०२१ च्या जुलैत आपल्याच जिल्ह्यात आंबेघर, मिरगाव. मी त्या दिवसांत पाटणकडं होतो. म्हणून विनंती करतो, हे पहिलं बघा, शेवाळ नंतर.

कवळ

रानवाटा काका, वाचताना अंगावर काटा आला. मी कर्जतचा, भातशेतीवाला. आमच्याकडची एक खूण सांगतो.

रानात फिरताना ऐन किंवा किंजळ असा दिसला की सरळसोट खांब आणि त्यावर जागोजागी पानांचे झुबके, गाठी गाठी झालेल्या, तर समजायचं की जवळ भाताचं खाचर आहे किंवा कधीतरी होतं. राबासाठी कवळ, म्हणजे पाल्याच्या फांद्या, तोडतात ना, त्याच्या या गाठी. भाताचं रोप टाकायच्या वाफ्यावर फांद्या, शेण, गवत, पाला अंथरून उन्हाळ्यात जाळायचं, ही आमची जुनी पद्धत. आता बरेच जण राब करत नाहीत. मग त्या गाठींतून फुटलेल्या फांद्या तशाच वाढत जातात. फांदी करंगळीएवढी असेल तर गेल्या-त्या वर्षी तोडलंय. मनगटाएवढी झाली असेल तर त्या घरातलं कुणीतरी शेती सोडून मुंबईला गेलंय. आमच्या चुलत्यांच्या बांधावरचे चार ऐन असेच आहेत.

एडिंबरोकर

शेवाळाबद्दल इथून साक्ष देते. मी स्कॉटलंडमध्ये राहते, छप्पन्न अक्षांश. बागेत किंवा माळावर एकटं उभं असलेलं झाड असेल तर उत्तर बाजू खरंच जास्त हिरवी असते. पण दाट ओल्या रानात इथंही चहूबाजूंनी शेवाळ असतं, फांद्यांवरसुद्धा. तेव्हा इथंही तो नियम उघड्यावरच्या झाडापुरताच. ताई, तुमच्या मुलाला सांगा, त्याची वही इथल्या वहीशी ताडून बघायची असेल तर मी याच रविवारी तीस झाडं मोजायला तयार आहे.

जिरायत

मी बीडचा. झाडावरून पाणी ओळखण्याबद्दल लिहितो, कारण याच्यात माझे पैसे गेलेत.

शेतात बांधाला मोठं उंबर आहे. उंबराखाली पाणी, हे लहानपणापासून ऐकलेलं. पाणाड्यानंही नारळ हातावर घेऊन तीच जागा दाखवली. तीनशे दहा फूट बोअर घेतलं, नुसता फुफाटा निघाला. त्याच उंबरापासून सत्तर फुटांवर आजोबांची विहीर, अठ्ठावीस फुटांची, तिला फेब्रुवारीपर्यंत पाणी असतं.

पुढं एका भूजलाचं काम करणाऱ्या मित्रानं समजावलं. उंबर खोटं बोललं नव्हतं. त्याची मुळं ज्या पाण्यापर्यंत जातात ते वरच्या मुरमातलं पाणी, तेच आजोबांच्या विहिरीत येतं. खाली काळा पाषाण. त्यात भेग असेल तर पाणी, नसेल तर नाही, आणि त्या भेगेचं झाडाला काहीच कळत नाही. बृहत्संहितेत वराहमिहिरानं दकार्गल नावाचा अख्खा अध्याय यावर लिहिलाय. जांभळाच्या पूर्वेला जवळच वारूळ असेल तर झाडाच्या दक्षिणेला दोन पुरुष खोल गोडं पाणी, असं त्यात आहे. पुरुष म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस, साधारण साडेसात फूट. दोन पुरुष म्हणजे पंधरा फूट. सहाव्या शतकातला माणूस विहिरीबद्दल बोलतोय आणि आम्ही त्याच्या भरवशावर तीनशे फुटांचं बोअर मारतोय.

तेव्हा झाडं बघा, पण विहिरीसाठी आणि पाझरासाठी. तेही एकटं उंबर नको. उंबराचं बी पाखरं कुठंही टाकतात, ते विहिरीच्या कठड्यात नि देवळाच्या भिंतीतही उगवतं. उंबर, करंज, जांभूळ अशी ओळ लागली असेल आणि वैशाखात आजूबाजूचं सगळं करपलेलं असताना ती ओळ हिरवीगार असेल, तर तिच्याखाली ओल आहे. बोअर घ्यायच्या आधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या माणसाला गाठा.

मोहफूल

गडचिरोलीकडून दोन गोष्टी.

मोहाच्या झाडाखाली जमीन काळी, बुंध्याला खाली काजळी, आणि आजूबाजूचं रान मात्र न जळलेलं, असं दिसलं तर तो वणवा नाही. मार्च-एप्रिलात मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून लोक झाडाखालचा पाला जाळतात. अशा झाडाचा धनी असतो, ते झाड कुणाच्या तरी आजीपासून त्या घराचं असतं. आणि धानाच्या बांधीत मधेच एकटा जुना मोह उभा दिसला तर ती बांधी कधीकाळी जंगल होती. रान तोडलं तरी मोह कुणी तोडत नाही.

खऱ्या वणव्याची जखम वेगळी असते. उतारावरच्या झाडाला ती बहुधा चढाच्या बाजूला असते. पाला वरून घसरत येऊन तिथंच साठतो आणि खालून आलेली आग बुंध्याला वळसा घालून मागं रेंगाळते. त्रिकोणी, खाली रुंद, वर निमुळती, आतून पोकळ होत गेलेली. सागाच्या रानात अशा जखमा पाहत गेलं की आग कुठून कुठं गेली ते कळतं.

कृष्णाकाठ

सांगलीहून. २०१९ च्या ऑगस्टातल्या महापुराचं पाणी कुठवर चढलं ते आमच्या मळीतल्या करंजांवर पुढं दोन वर्षं दिसत होतं. फांद्यांच्या बेचक्यांत वाळकं गवत, चिंध्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या, सगळं एका पातळीत. धाकट्या भावानं घर बांधताना जोतं त्या पातळीच्या वर दोन फूट घेतलं. ओढ्याकाठी मुलांना नेत असाल तर आधी वर बघायला शिकवा. डोक्यावरच्या फांदीत गवत अडकलेलं दिसलं तर तिथं डबा खायला बसायचं नाही.

शाळेच्या_वाटेवर

किती आणि कसे आभार मानू कळत नाही. जिरायत दादा, तुमचा प्रतिसाद बाबांना मोठ्यानं वाचून दाखवला, ते शेतात बोअर घ्यायच्या विचारात होते.

रानवाटा काका, काल ती चार झाडं परत पाहिली. तीन दक्षिणेकडंच कललेली आहेत! चौथं सरळ आहे, पण त्याच्या उत्तरेला मोठी शिळा आहे आणि तिचं पाणी बुंध्यावर ठिबकतं. मुलानं वहीत "कारण" असा नवा रकाना आखलाय.

शाळेच्या वरची झाडं सरळ आहेत. खालच्या वस्तीच्या वर मात्र सात-आठ ऐन मुळाशी वाकलेले आहेत, तुम्ही म्हणालात तसे, कोयत्याच्या मुठीसारखे. वरचा बुंधा सरळ. दोघांच्या कवेत न मावणारी झाडं आहेत, म्हणजे जुनी. भेग दिसली नाही, झरा नाही. पण त्यांच्यात एक तरणा हिरडा आहे, तो सबंधच कललाय. तो नेहमीचाच तसा आहे की आता कललाय, हे वस्तीत कुणालाच सांगता येईना. काय करू?

आणखी एक. तुम्ही कोयनेत होतात म्हणून विचारते. आमच्या वाटेवर, वस्तीपासून लांब, कारवीच्या गचपणात एक पांढरा चाफा आहे. तो तिथं कसा?

रानवाटा

बाई, जुने वाकलेले ऐन ही त्या उताराची जुनी सवय आहे. काळजी हिरड्याची. अंदाजानं काही बोलण्यापेक्षा मोजा. गवंड्याचा ओळंबा घ्या. हिरड्याच्या बुंध्यावर पुरुषभर उंचीवर खिळा मारा, त्याला ओळंबा सोडा आणि त्याचं टोक जमिनीवर जिथं येतं तिथून बुंध्याच्या पायापर्यंतचं अंतर घ्या. दर सोमवारी एकदा, मोठं माणूस बरोबर घेऊन, पाऊस नसताना. लाइटच्या खांबाला ओळंबा लावू नका, ओल्यात करंट उतरतो. अंतर वाढत असेल तर त्याच दिवशी तलाठी, ग्रामसेवक, तहसीलदार, सगळ्यांना लेखी द्या. आणि दोन-तीन दिवस सलग मुसळधार लागला तर अंतर वाढो न वाढो, वस्तीतल्या माणसांना रात्री शाळेत आणून झोपवा. आताच ग्रामसेवकाला फोटो दाखवून ठेवा.

चाफ्याचं. पांढरा चाफा आपल्या रानात आपणहून येत नाही. कुणीतरी फांदी खोवलेली असते, देवापाशी नाहीतर दारात. त्याच्या आसपास फणस किंवा ओळीनं लावलेले रायवळ आंबे आहेत का बघा. असतील तर तिथं घर होतं. पायानं पालापाचोळा बाजूला करा, जोत्याचे दगड लागतील.

माझ्या आईचं माहेर कोयनेच्या पाण्यानं उठलं. शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, भरायला लागला तेव्हा ती नवी नवरी होती. वरच्या अंगाची काही घरं पाण्यात गेली नाहीत, पण गावच उठल्यावर तिथं राहतंय कोण? माझी नेमणूक त्या बाजूला झाली तेव्हा गस्तीवर असताना असाच चाफा दिसला. पुढं पाच आंबे एका रांगेत, एक फणस. आंब्याच्या मुळाशी उखळ होतं, दगडी. मुळानं त्याला अर्ध्यातून कवेत घेतलं होतं, वरच्या खळग्यात पाणी साठलेलं आणि त्यात आंब्याचा मोहोर पडलेला. पुढच्या रविवारी आईला घेऊन गेलो. तिनं आंबे मोजले, म्हणाली, सहावा कुठं गेला? मग उखळाशी बसली, पाण्यातला मोहोर हातानं काढला आणि पदरानं उखळ पुसलं.

तुमच्या वस्तीत सगळ्यात म्हाताऱ्या बाईला त्या चाफ्याबद्दल विचारा.

वखारवाला

छान धागा. भर एवढीच की झाड तोडलेलं असेल तर आतूनही वाचता येतं. सागाला दर वर्षी स्पष्ट कडं पडतं, चांगल्या पावसाच्या वर्षी रुंद, कमी पावसाच्या वर्षी अरुंद. पुण्यात पाषाणला उष्णदेशीय हवामानाची जी संस्था आहे तिथं सागाच्या कड्यांवरून जुन्या पावसाचा अभ्यास झालाय. आंब्या-जांभळाची कडी इतकी साफ नसतात. ताई, साताऱ्यात आलात तर सागाच्या ओंडक्याची एक चकती कापून देईन, रंधा मारून. मुलांना वर्गात मोजता येईल.

शाळेच्या_वाटेवर

तीन आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफ करा.

वस्तीतल्या आजींना विचारलं. चाफा त्यांच्या सासूच्या थोरल्या जावेनं लावलेला. तिथं दोन घरं होती. पाणी लांब पडायचं म्हणून खाली सरकली. जोतं सापडलं. फणस नाही, पण आंबे आहेत, तीन. आजींना उचलून न्यावं लागलं तरी त्या आल्या.

ग्रामसेवकांनी फोटो घेतले, अर्ज दिला, त्याची पोच माझ्याकडं आहे. वस्तीतल्या बाप्यांनी हिरड्याला खिळा मारला. पहिल्या सोमवारी ओळंब्याच्या टोकापासून बुंध्यापर्यंत नऊ बोटं. दुसऱ्या सोमवारी नऊ. काल नऊ, आणि परवा रात्रभर पाऊस होता. फळ्याच्या कोपऱ्यात तारीख आणि आकडा लिहून ठेवतो. ओळंबा धरायचं काम चौथीतल्या त्या मुलीकडं आहे. तो हलायचा थांबेपर्यंत ती कुणाला मोजू देत नाही.